तोमासाने गावाला डोंगर चढवला

तोमासा चोनाय हिचा मार खाल्ला नाही असा माणूस आमच्या सान फेलिक्समध्ये शोधून काढावा लागेल. नवऱ्याचे पुढचे दोन दात तिने वरवंट्याने पाडले. तो किनाऱ्याकडच्या उसाच्या मळ्यांत पळाला तो पळालाच. डोंगर चढायला आलेल्या एका दारुड्या पाहुण्याने तिच्या कुत्र्याला लाथ घातली, तर त्याचीच काठी हिसकावून तिने त्याला मक्याच्या शेतांतून पळवत पळवत बडवला. नंतर त्याचंच ओझं पाठीवर घेऊन त्याला माथ्यापर्यंत नेलंही, कारण न्यायचं कबूल केलं होतं.

"बापाने दुसरं काही शिकवलं नाही," ती म्हणायची. "वाचायला नाही, लिहायला नाही. मारायला तेवढं नीट शिकवलं, माझ्याच पाठीवर."

आमच्या ज्वालामुखीला सोर्दो म्हणतात, म्हणजे बहिरा. शेजारचा डोंगर दिवसरात्र धडधडतो, आग ओकतो. सोर्दो ऐकून न ऐकल्यासारखा गप्प बसलेला असतो. शेजाऱ्याची आग सोर्दोच्या माथ्यावरून सगळ्यात छान दिसते, म्हणून जगभरातून माणसं येतात. त्यांची ओझी कपाळपट्ट्याने पाठीवर घेऊन त्यांना वर नेणं हे आमच्या गावाचं पोट. पूर्वी वाटाडे सगळे पुरुष. तोमासाने पहिल्यांदा ओझं उचललं तेव्हा वाटाड्यांनी तिचा पट्टा कापून टाकला होता. तिने काय केलं असेल ते सांगायला नको. पुढच्या आठवड्यात तिला नवा पट्टा त्याच लोकांनी आणून दिला.

कुत्र्याचं नाव तिस्ने. तव्याच्या बुडासारखा काळा. तो तोमासाच्या पडवीत झोपायचा, पण वर मात्र कुणाबरोबरही जायचा. कुठलीही टोळी निघाली की हा पुढे. शेवटचा माणूस मागे पडला तर खाली येऊन त्याला हुंगून परत पुढे. माथ्यावर पोचलं की मक्याच्या भाकरीचा पहिला तुकडा कुत्र्याला, प्रत्येकाने आपल्या हाताने. ही आमच्याकडची जुनी रीत. मेल्यावर एक नदी लागते, ती कुत्रा पार करून देतो, आणि ज्याच्या हातचं खाल्लं त्यालाच पाठीवर घेतो, असं म्हातारी माणसं सांगतात. नदीचं मला माहीत नाही, पण माथ्यावर ज्याने घास दिला त्याच्यावर तिस्ने पुन्हा जन्मात भुंकायचा नाही, हे खरं. बाकी सगळ्यांवर भुंकायचा. पाद्रीबाबांवर अजून भुंकतो; बाबांचे गुडघे दुखतात, ते कधी वर गेलेच नाहीत.

त्यामुळे गावात एक खेळच झाला होता. बाहेरचा कुणी पाराशी बसून "मी सोर्दो तीनदा चढलोय" अशा गमजा मारू लागला की कुणीतरी हाक द्यायचं, "तिस्नेला विचारा रे!" आणि तिस्ने भुंकला की हशा. एकदा तर कुणाचंसं ठरत आलेलं लग्न त्यावरून मोडता मोडता राहिलं. कुत्रा खोटं बोलत नाही, असं सगळ्यांनी धरून टाकलं.

मग रुफिनो गेला.

रुफिनो तोमासाचा धाकटा भाऊ. शांत माणूस, त्या घरातला सगळा राग तिच्याच वाट्याला आला होता. त्या दिवशी तिस्ने घरी होता. ज्वालामुखीच्या खरबरीत दगडांनी त्याचे पंजे सोलले होते आणि तोमासाने त्यांना चिंध्या बांधल्या होत्या. पाइनचं रान संपतं तिथे धुकं होतं. रुफिनो ओझं घेऊन पुढे, तोमासा दोन पाहुण्यांना घेऊन वळणामागे. तोंडाला पोती बांधलेले तिघे झाडांतून बाहेर आले आणि ओझं टाक म्हणाले. कपाळपट्टा काढायला पुढे वाकावं लागतं, दोन्ही हात डोक्यामागे न्यावे लागतात. रुफिनोने तेच केलं. त्यांना वाटलं, हा कोयता काढतोय. पहिला घाव मानेवर बसला, दुसरा खांद्यात रुतला.

तोमासा काठी घेऊन धावली. तिच्या डाव्या गालावर कोयता उतरला, कानापर्यंत गाल उघडला. तरी ती एकाच्या मानगुटीला धरून होती. त्याने तिच्या पोटात लाथ घातली तेव्हा हातात नुसतं पोतं राहिलं. धुक्यात तोंड दिसलं नाही. तिघे पळाले. रुफिनोला तिने त्याच्याच कपाळपट्ट्याने पाठीशी बांधला आणि खाली निघाली. स्वतःच्या गालाचं रक्त पुढून, त्याच्या मानेचं मागून. मक्याच्या शेतांपाशी तो गेला. ती थांबली नाही. आईच्या दारापर्यंत तसाच घेऊन आली.

त्यानंतर गाव झोपलं नाही म्हणा ना. वाटेवर पहारे बसले. पाहुणे येईनासे झाले. वाटाड्यांचा म्होरक्या मकारियो, सगळे त्याला तात म्हणतात, रुफिनोच्या मुलीचा धर्मबाप होता. त्याने चर्चमध्ये सगळ्यांसमोर शपथ घेतली होती की मारेकरी सापडला तर तो पोलिसांपर्यंत जिवंत पोचणार नाही.

आणि बाजाराच्या दिवशी एक माणूस सापडला.

ओकोते विकत बसला होता. ओकोते म्हणजे चूल पेटवायला लागतं ते राळेचं लाकूड, बोटभर जाडीचं चिरलेलं. कुणाच्याच ओळखीचा नव्हता. गाठोड्यात कोयता होता. भाव करताना एका बाईला वाटलं की हा सारखा डोंगराच्या वाटेकडे बघतोय. तिने शेजारणीला सांगितलं, शेजारणीने नवऱ्याला. मी तेव्हा डोंगराच्या खांद्यावरच्या फोनच्या टॉवरची देखभाल करायचो. वर जायला म्हणून दोर आणि हत्यारांची पिशवी घेऊन चौकात आलो, तर चर्चची घंटा वाजत होती आणि त्या माणसाला सार्वजनिक हौदाच्या खांबाला बांधलेलं होतं. ओठ फुटलेला, एक डोळा बंद. बांधायला दोर कमी पडला म्हणून माझाही घेतला.

"नाव काय?" तात मकारियोने विचारलं.

"अब्दियास. सांता रिताचा. डोंगरापलीकडचा."

"ओकोते कुठून आणलंस?"

"विकत घेतलं, तात."

"सोर्दोवर कधी गेला होतास?"

"कधीच नाही. देवाशपथ. मी सपाटीचा माणूस आहे."

"सपाटीचा म्हणे!" एक म्हातारी ओरडली. "सांता रिता काय समुद्रावर वसलंय का रे, मुडद्या?" लोक हसले. हसता हसताच कुणीतरी त्याच्या तोंडात मारली.

"तिस्नेला आणा!" मागून आवाज आला. मग सगळेच ओरडू लागले. "तिस्नेला आणा! तिस्नेला विचारा!"

तोमासा आली. गालावरचे टाके अजून काळे होते, तोंड एका बाजूला ओढलं गेलं होतं. गर्दीने वाट दिली. तिस्ने दोराला होता. त्याने हौदाकडे पाहिलं. तिस्नेने शेपूट हलवली. मग दोर ओढत पुढे गेला, पुढचे पाय अब्दियासच्या छातीवर टेकवले आणि त्याच्या हनुवटीवरचं रक्त चाटू लागला.

जो आवाज उठला तो मी आयुष्यात विसरणार नाही.

"खोटारडा!" "कधीच गेला नाही म्हणे!" दगड आले. एक अब्दियासच्या कपाळाला लागला, एक तिस्नेला. कुणीतरी मोटरसायकलमधून पेट्रोल काढून डबा भरून आणला. तात मकारियोने तो आपल्या हातात घेतला आणि काडेपेटी तोमासासमोर धरली.

"रक्त तुझं आहे, पोरी. काडी तू ओढ."

तिने काडेपेटी घेतली आणि कमरपट्ट्यात खोचली. मग काठीचं टोक अब्दियासच्या गळ्यावर ठेवून दाबलं. त्याची जीभ बाहेर आली.

"माझा भाऊ मारलास?"

त्याने मान हलवली. नाही.

"कुत्रा तुला ओळखतो."

तिने काठी जराशी सैल केली तेव्हा तो एका दमात बोलला. ओकोते चोरीचं होतं. सान फेलिक्सच्या सामायिक रानातल्या पाइनांच्या बुंध्यांतून त्याने ते दोनदा कापून नेलं होतं. झाडाला जखम केली म्हणून डोंगराची माफी मागायला माथ्यावर जाऊन मेणबत्ती लावली, पुरली. तिथे हा काळा कुत्रा होता, त्याला भाकरी दिली. एवढंच.

"मग आधी का नाही बोललास, गाढवा?"

"लाकडाचं सांगितलं असतं तर फटके मारले असते तुम्ही. आणि मेणबत्तीचं कळलं तर आमचा पास्टर मला मंडळीतून काढतो. डोंगराला मेणबत्ती लावणं म्हणजे सैतानाचं काम, असं म्हणतो तो."

"ऐका!" कुणीतरी ओरडलं. "इथे जाळायला निघालेत आणि याला पास्टरची पडलीय!"

पुन्हा हशा. पण डबा उघडलेलाच होता, वास सगळीकडे पसरला होता.

"कुठे पुरलीस मेणबत्ती?" तोमासाने विचारलं.

"लोखंडी क्रुसाच्या मागे. दुभंगलेला दगड आहे, त्याखाली."

"सोडा खांबावरून. हात बांधलेलेच राहू देत."

"कुठे निघालीस?" तात मकारियो म्हणाला.

"वर."

"वेड लागलंय का तुला?"

"रक्त माझं असं तूच म्हणालास ना, तात? मग जागाही मीच ठरवणार. मेणबत्ती नाही निघाली तर वरूनच ढकलते हरामखोराला. तेवढंच तुझं पेट्रोल वाचेल."

गर्दीला ते एकदम पसंत पडलं. जयजयकार झाला. दोराचं टोक तोमासाने माझ्या हातात दिलं. "तू असाही वर चालला होतास."

सगळं गाव निघालं. बाया कडेवर पोरं घेऊन, फुगेवाला फुग्यांसकट, बाजारातले अर्धे दुकानदार. मक्याच्या शेतांमधल्या भुसभुशीत काळ्या वाळूत पाय रुतत होते आणि लोक शिव्यांची गाणी रचत चालले होते. कुणी पुढे धावत येऊन अब्दियासच्या तोंडावर थुंकायचं, कुणी ओंजळभर वाळू डोळ्यांत मारायचं. तो पडला की दोर ओढून मी उठवायचो. तिस्ने सगळ्यांच्या पुढे, शेपूट वर. एवढी मोठी टोळी त्याला कधी मिळाली नव्हती.

शेतं संपेपर्यंत फुगेवाला दिसेनासा झाला. बायांना चुली आठवल्या. दुकानदारांना उघडी टाकलेली दुकानं आठवली. "तुम्ही व्हा पुढे, मी गाय बघून येतो," असं म्हणणारे निदान बोलून गेले. बाकीचे वळणावर लघवीला थांबले आणि आलेच नाहीत. तिस्नेला ते खपेना. तो खाली धावायचा, गेलेल्यांना हुंगत शोधायचा, भुंकून बोलवायचा, आणि कुणी येत नाही म्हटल्यावर जीभ लोंबवत परत वर यायचा.

पाइनच्या रानात, रुफिनोला मारलं तिथे लाकडी क्रूस लावला होता. उरलेल्या पुरुषांना तिथे जोर आला. त्यांनी अब्दियासला त्या क्रुसाशी गुडघ्यावर बसवलं आणि लाथांनी तुडवला. बरगडी मोडल्याचा आवाज मी ऐकला. तोमासा एका ओंडक्यावर बसून तिस्नेला वाळक्या भोपळ्याच्या तुंब्यातलं पाणी पाजत होती. तिने थांबा म्हटलं नाही, मारा म्हटलं नाही. मारणारे दमले, तेव्हा उठली.

"झालं? चला. अजून अर्धंही झालेलं नाही."

"आणखी किती वर न्यायचं याला?" एक जण धापा टाकत म्हणाला. "इथेच उरकू."

"मेणबत्ती इथे आहे का?"

तो खाली बसला. बसला तो बसलाच.

रानाच्या वर थंडी लागते. बाजारातून निघालेल्यांच्या अंगात नुसते सदरे होते. कुणाची चप्पल तुटली, कुणाच्या पोटात कळ आली. तात मकारियोचा पुतण्या मोठ्याने शिव्या देत आघाडीला चालत होता, टॉवरच्या फाट्यापाशी तो म्हणाला, "काका, तुम्ही आहात ना? मग झालं." आणि उतरायला लागला. मकारियोने त्याच्या मागे दगड फेकला.

शेवटचा चढ सुट्या राखेचा. दोन पावलं टाकावीत, एक मागे घसरावं. अब्दियासचे हात मागे बांधलेले. तो तोंडावर पडायचा आणि त्याच्या नाकातोंडात राख जायची. तोमासा त्याची कॉलर धरून त्याला ओढत होती, पोतं ओढतात तसं. मकारियो मागे, हातात डबा, दर पावलाला पेट्रोल त्याच्याच विजारीवर सांडत होतं. माथ्यावर पोचलो तेव्हा आम्ही चौघे होतो आणि कुत्रा.

वारा माणसाला ढकलत होता. शेजारचा डोंगर धडधडत होता आणि त्याची राख आमच्या तोंडावर येत होती. तिस्ने सवयीने भाकरीसाठी बसला, नेमका अब्दियासच्या समोर.

"सोड याचे हात," तोमासा मला म्हणाली. आणि त्याला म्हणाली, "खण."

दुभंगलेला दगड होता. पण त्याच्याभोवती राखेचा नवा थर बसून घट्ट झाला होता. अब्दियास बोटांनी खणू लागला. एका बाजूला काही नाही. दुसऱ्या बाजूला काही नाही. त्याची नखं उलटली, राखेत रक्ताच्या रेघा उमटल्या. तो रडत होता आणि खणत होता.

"बास झालं," मकारियो म्हणाला.

"खण," तोमासा म्हणाली.

तिसऱ्या खड्ड्यात एक निळा तुकडा निघाला. अंगठ्याएवढी मेणबत्ती, वात जळलेली. अब्दियासने ती दोन्ही हातांत धरून वर केली.

मकारियोने पाहिलं. "म्हणून काय झालं? रुफिनोला मारलं आणि मग भीतीने लावली असेल. चोर मेणबत्त्या लावत नाहीत का?"

तोमासाने तो तुकडा हातात घेऊन उलटसुलट पाहिला. मला वाटलं, तात बोलतोय त्यात चूक काहीच नाही. तिलाही तेच वाटलं असावं.

"मला माहीत नाही," ती म्हणाली.

"मग?"

"मग काय! लाकूड चोरलं, मेणबत्ती लावली, हे याने सांगितलं ते खरं निघालं. बाकीचं मला माहीत नाही, तुलाही माहीत नाही. माहीत नाही त्याच्यावर काडी ओढायची नाही."

मकारियोने डबा अब्दियासवर उपडा केला. वाऱ्याने निम्मं त्याच्याच अंगावर उडालं. "काडेपेटी दे!" तो ओरडला. तिने दिली नाही. मग त्याने कोयता काढला आणि उचलला. तोमासाची काठी त्याच्या मनगटावर बसली, हाड वाजलं. कोयता राखेत पडला. मकारियोने दुसऱ्या हाताने तिच्या गालावर, टाक्यांवरच, ठोसा मारला. दोघे एकमेकांना धरून पडले आणि गडगडत क्रुसापर्यंत गेले. चावत होते, बुक्क्या मारत होते, आणि शेजारचा डोंगर मागे धडधडत होता. तिस्ने त्यांच्याभोवती गोल गोल धावत केकाटत होता. दोघांच्या हातचं खाल्लेलं, चावायचं कुणाला? मी कोयता उचलला आणि लांब फेकला, तेवढंच मला सुचलं.

शेवटी मकारियो उताणा पडला आणि उठला नाही. मोडका हात पोटाशी धरून लहान मुलासारखा रडू लागला.

"मग रुफिनोला कुणी मारलं गं? कुणी मारलं, सांग ना!"

"मला ठाऊक असतं तर तुझ्याशी मारामारी करत बसले असते का?"

टाके उसवले होते. तिचा अर्धा चेहरा लाल झाला होता. अब्दियास गुडघ्यांवर बसून देवाचे आभार मानत होता, डोळे मिटून, पेट्रोलने निथळत. तोमासाने माझ्या हातातला दोर घेतला आणि दुमडला.

"ए. लाकूडचोर. तुझे फटके राहिलेत."

सामायिक रानातलं लाकूड चोरणाऱ्याला फटके, ही गावाची रीतच आहे. त्याने मान खाली घातली, पाठ केली. पहिले काही फटके रीतीचे होते. नंतरचे नव्हते. दोर पाठीवर आदळून परत वर जात होता. सदरा फाटला, कातडी फाटली. अब्दियास आधी ओरडत होता, मग ओरडायचा थांबला.

"तोमासा," मकारियो म्हणाला. ती थांबली नाही. तो एका हातावर रेलून कसाबसा उठला, तिच्यामागे गेला आणि दुसऱ्या, धड हाताने तिचं मनगट पकडलं. "पुरे. मरेल तो, पोरी. पुरे."

तिने दोराकडे असं पाहिलं जणू तो दुसऱ्याच कुणी तिच्या हातात दिला होता. मग टाकला.

अब्दियासला मी पाणी पाजलं. उभं राहता यायला त्याला वेळ लागला. सांता रिताकडे जाणारी वाट पलीकडून उतरते. तो बरगडी धरून, वाकून, त्या वाटेने निघाला. तिस्ने त्याच्याबरोबर चालू लागला. एक माणूस एकटा उतरतोय म्हटल्यावर तो जाणारच. तोमासाने शीळ घातली नाही. पुढच्या आठवड्यात कुत्रा एकटाच परत आला, धडधाकट.

आम्ही आमच्या बाजूने उतरलो. मकारियोचा हात मी तिच्या कपाळपट्ट्याने गळ्यात बांधला होता. गालावर ओला फडका धरून तोमासा पुढे चालत होती. राखेचा उतार संपला तेव्हा मी तिला गाठलं आणि विचारलं, "ताई, तुला आधीच ठाऊक होतं ना, एवढी माणसं वरपर्यंत टिकणार नाहीत म्हणून?"

"माणसं ठाऊक होती," ती म्हणाली. फडका पिळला, लाल पाणी वाळूत गेलं. "मला वाटलं होतं, वर जाईपर्यंत माझाही राग उतरेल."

खाली हौदाशी थोडी माणसं अजून वाट बघत होती. काय झालं, त्यांनी विचारलं. तिने हौदात डोकं बुडवलं आणि श्वास कोंडेपर्यंत तसंच ठेवलं.